पाकीट तेच, चव दुसरी

दूधवाला बदलला की आजोबांना ते सांगावं लागत नाही. चहाचा पहिला घोट घेतात, कप खाली ठेवतात आणि विचारतात, "आज दूध कुणाकडचं?" घरातले चकित होतात. खरं तर चकित व्हायचं असेल, तर हेच एका आख्ख्या देशात, हजारो गिर्‍हाइकांच्या बाबतीत घडतं ते बघायला हवं.

अमेरिकेतली 'ट्रेडर जोज' ही दुकानांची साखळी घ्या. जो कूलोम्ब या गृहस्थांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पासाडेना इथे तिचं पहिलं दुकान काढलं. १९७२ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचा पहिला पदार्थ विकायला ठेवला, ग्रॅनोला. आज दुकानं पाचशेहून जास्त आहेत आणि त्यातला सुमारे ८० टक्के माल घरच्याच नावाचा. तिकडच्या मराठी घरांत फ्रीझर उघडलात तर त्यांचं नान हमखास सापडेल.

पण हे सगळं बनवतं कोण? पाकीट उलटं करून पाहा. छापलेलं असतं ते इतकंच, की वितरण आणि विक्री ट्रेडर जोज, मन्रोव्हिया, कॅलिफोर्निया. कारखान्याचं नाव नाही! अमेरिकेचा कायदा तेवढ्यावर भागवू देतो. तिथे बुरखा घालून बाजारात येता येतं. हा बुरखा कधीतरी अचानक सरकतो. मार्च २०१६ मध्ये 'वंडरफुल' कंपनीने साल्मोनेला या जिवाणूच्या भीतीने पिस्ते परत मागवले, तेव्हा त्या यादीत ट्रेडर जोजची पाकिटंही निघाली. शेजारशेजारच्या दोन नावांचं माहेर एकच!

आता गंमत बघा. दुकानाने उद्या कारखाना बदलला, तर पाकिटावरचं एक अक्षरही बदलायला नको. तेच रंग, तेच चित्र. तरी आठवड्याभरात गिर्‍हाइकं काउंटरवर विचारायला लागतात, "यात काहीतरी बदललंय ना?" यांना कळलं कसं?

एक तर आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा नाकाचा. घास चावताना त्याचा वास घशामागून वर नाकात चढतो आणि तिथे वास टिपणारे जवळपास ४०० प्रकारचे ग्राहक (रिसेप्टर) त्याची वाट पाहत बसलेले असतात. नाक चिमटीत धरून पेपरमिंटची गोळी चघळा. गोड लागेल, थोडी गारही, पण पेपरमिंट कुठे गेलं? नाक सोडलंत की हजर! या ४०० जणांनी मिळून वाजवलेली धून मेंदू लक्षात ठेवतो. जिरं जरा जास्त भाजलं, तेल वेगळं वापरलं, की धून बेसूर.

मग ही जीभ फसतच नाही? फसते, आणि तीही थाटात. लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर या शास्त्रज्ञाने १८३४ मध्ये लिहून ठेवलं, की फरक जाणवणं हे मूळ वस्तू किती आहे त्यावर ठरतं. देवळाच्या शांततेत कुजबुज ऐकू येते, आठवडी बाजारात येत नाही. म्हणजे बदल पुरेसे बारीक ठेवले, तर ते खपून जातात. ब्रिटनमध्ये नेमकं हेच केलं गेलं, आणि तेही भल्यासाठी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत तिथल्या पाकीटबंद पावातलं मीठ सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झालं. सुपरमार्केटांच्या घरच्या नावाचे पावही त्यात आले. रोज टोस्ट खाणार्‍या देशाच्या पावातलं मीठ गेलं आणि कुणी हूं का चूं केलं नाही. मला हे अजून खरं वाटत नाही.

याच्या उलटही होतं. २०११ च्या नाताळात कोका-कोलाने लाल डबे पांढरे केले. आत तेच पेय, तरी काही लोक म्हणाले की चव बदलली. लवकरच डबे पुन्हा लाल झाले. म्हणजे डोळेही चाखतात! दुकानाने नुसतं पाकीट नव्याने रंगवलं तरी 'पूर्वीसारखं राहिलं नाही' हे ऐकायची तयारी ठेवावी, ती यासाठी.

मग खरा बदल आणि भास यांतला निवाडा कसा करायचा? खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळांत यासाठी एक साधी, सुंदर युक्ती वापरतात. तीन वाट्या. दोनांत एकच पदार्थ, तिसरीत दुसरा. नावं झाकलेली. चाखणार्‍याने फक्त वेगळी वाटी दाखवायची. घरी करून पाहा. जुन्या पाकिटातला मूठभर चिवडा जपून ठेवा, नव्यातला काढा, आणि वाट्या दुसर्‍या कुणाला तरी मांडायला सांगा. एकदा बरोबर आलं तर हुरळू नका. डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच. दर वेळी वाट्यांच्या जागा बदला. सलग तीनदा बरोबर आलं, तर ते नुसत्या नशिबाने घडण्याची शक्यता २७ मध्ये १. मग दुकानदाराशी भांडायला हरकत नाही. आजोबांना मात्र वाट्या मांडून बसवू नका. चहा गार झाला म्हणून ते आधी तुमच्याशीच भांडतील.