निम्मे आपले, निम्मे त्यांचे : बालवाडीसाठी मॅचिंग ग्रँट

मॅचिंग ग्रँट हा शब्द कानाला नवा वाटला तरी यंत्रमागवाल्यांना त्यातला व्यवहार नवा नाही. २०१७ साली भिवंडीत जाहीर झालेल्या पॉवरटेक्स इंडिया योजनेत साधा माग सुधारून घ्यायचा झाला, तर सर्वसाधारण गटातील मागमालकास केंद्र सरकार खर्चाची निम्मी रक्कम, ठरलेल्या मर्यादेपर्यंत, देत असे. बाकी निम्मी त्याने स्वतः उभी करायची. १९९९ ची टफ योजना आली तेव्हाही बँकेने पूर्ण मागाची किंमत कोणाच्या हातात ठेवली नाही, आधी मार्जिन मनी मागितले. ज्याचा हिस्सा तयार, त्याचेच काम पुढे सरकले. आम्ही कापडवाले हे गणित बोटावर करतो. मात्र तेच गणित मोहल्ल्यातील बालवाडीसाठी मांडायची वेळ आली, की आम्ही चंद्याची पेटी पुढे करतो आणि सरकारच्या नावाने बोटे मोडतो.

बालवाडीचा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही बंधू विचारतील. त्यांनी मालेगाव किंवा भिवंडीच्या कोणत्याही यंत्रमाग वस्तीत सकाळी दहा वाजता एक फेरी मारावी. बाप कारखान्यात, आई घरात कांडी भरायला बसलेली, आणि तीन-चार वर्षांचे पोर त्याच खोलीत, फिरत्या चात्यापासून हातभर अंतरावर, कापसाचा तूस नाकातोंडात घेत खेळते आहे. सोलापुरात कांडीच्या जागी विडीचे सूप असेल, एवढाच फरक. हेच पोर पुढे पहिलीत जाते तेव्हा त्याने पेन्सिल हातात धरलेली नसते. उर्दू शाळेतील मास्तर मग पहिले वर्ष त्याला बसायला शिकवण्यात घालवतात, आणि सातवी-आठवीत ते शाळा सोडून मागावर आले, की आम्हीच म्हणतो, “नसीब!”

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली व अंगणवाडी गावोगाव पोहोचली. ती कल्पना आपल्याच राज्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून रुजली होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असा तो साधा विचार. जेथे अंगणवाडी चांगली चालते तेथे शेजारी दुसरी बालवाडी काढून नावाची पाटी लावण्याची काही गरज नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याच अंगणवाडीला पंखा द्या, फरशी द्या, उर्दू गोष्टींची पुस्तके द्या. पण अंगणवाडी काही तासांची. कांडी भरणाऱ्या किंवा जरीकाम करणाऱ्या बाईला मूल दिवसभर सांभाळणारी जागा लागते. २०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती आली, परंतु घरात बसून काम करणाऱ्या बाईचा मालक कोण, हेच कागदावर नसते. तिला त्या कायद्याचा उपयोग नाही.

पाळणाघरांसाठी केंद्राची योजना होती आणि तिच्यात मॅचिंगचे तत्त्व उघडपणे लिहिलेले होते. २०१७ पासून राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महाराष्ट्रासारख्या राज्यांत केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ३० टक्के आणि चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचे १० टक्के असा हिस्सा ठरला. शंभरातले दहा रुपये आपण घालायचे, नव्वद बाहेरून! २०२२ साली मिशन शक्तीमध्ये या योजनेचे ‘पाळणा’ झाले, भर अंगणवाडीला जोडलेल्या पाळणाघरांवर आला आणि खर्च केंद्र व राज्य यांच्यात ६०:४० वाटला गेला. तेव्हा आपल्या ट्रस्टने अंगणवाडीशी जोडून काम करावयाचे असेल, तर जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात चौकशी करावी. स्वतंत्र बालवाडी काढायची असेल, तर मॅचिंग ग्रँट बहुधा कंपन्यांच्या सीएसआर निधीतून किंवा मोठ्या खाजगी ट्रस्टकडून मागावी लागेल.

सीएसआर म्हणजे खैरात नव्हे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चावे लागतात आणि शिक्षण व कुपोषण निवारण ही दोन्ही कामे त्यांच्या यादीत बसतात. परंतु पैसे घेणारी संस्था कशी असावी, हेही नियमांत सांगितले आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकराची १२ए व ८०जी म्हणून ओळखली जाणारी नोंदणी, १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म, आणि त्याच प्रकारच्या कामाचा तीन वर्षांचा अनुभव. आपली गाडी अडते ती या शेवटच्या अटीवर.

आमच्या माहितीत एक ट्रस्ट आहे. सहा वर्षे बालवाडी चालवते, पन्नासेक मुले, शिक्षिका मनापासून शिकवतात. एका कंपनीकडे अर्ज केला, तेव्हा तीन वर्षांचे ऑडिट मागितले. ताळेबंदात बालवाडीचा वर्षाचा खर्च फक्त अडतीस हजार निघाला! भाडे एक सेठ परस्पर देत होते, पगाराचा निम्मा भाग दुसरे एक हाजीसाहेब दर महिन्याला पाकिटात घालून देत, खाऊ तिसऱ्याच्या दुकानातून येई. पावती कोणाचीच नाही. देणारे सारे नेक, घेणारे सारे प्रामाणिक, आणि कागदावर शून्य. जे कागदावर नाही त्याला मॅच काय करणार? अर्ज परत आला.

येथे आमच्या बिरादरीचा एक जुना मुद्दा निघतो. उजव्या हाताने दिलेले डाव्या हातास कळू नये, ही आपली तालीम. ती खरीच. पण दगडावर नाव कोरणे वेगळे आणि रजिस्टरमध्ये नाव लिहिणे वेगळे. अनामिक देणगी ठराविक मर्यादेपलीकडे गेली, की सेवाभावी ट्रस्टला तिच्यावर ३० टक्के आयकर बसतो, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी २०१७ पासून ८०जी सवलतीस पात्र नाही. म्हणजे पाकिटातून दिल्याने देणाऱ्याची सवलत गेली आणि ट्रस्टचे मॅचिंगही गेले. चेक द्या किंवा खात्यात जमा करा, पावती घ्या. नाव जाहीर करू नका असे सांगितलेत, तर कोणी भोंग्यावरून पुकारणार नाही.

आता हिशेब मांडू. चाळीस मुलांची बालवाडी समजा. आकडे प्रत्येकाने आपल्या गावाप्रमाणे बदलावेत. दोन शिक्षिका ९,००० प्रमाणे १८,०००, मदतनीस ६,०००, जागेचे भाडे ७,०००, खाऊ मुलामागे रोज दहा रुपये व २५ दिवस धरून १०,०००, खडू-कागद, वीज व ऑडिट मिळून ४,०००. महिन्याचे ४५,०००, वर्षाचे ५,४०,०००. देणारा निम्मे देत असेल तर आपला हिस्सा २,७०,०००. आकडा ऐकून कमिटीचे लोक मागे सरकतात. पण हा सगळा रोखीने आणायचा नसतो. एखाद्या व्यापाऱ्याने आपला हॉल मोफत दिला, तर त्याचे ८४,००० रुपये भाडे वस्तुरूप हिस्सा म्हणून धरण्यास पुष्कळ दाते तयार असतात, मात्र मालकाचे पत्र आणि आसपासच्या भाड्याचा पुरावा जोडावा लागतो. दीडशे रुपये फी ठेवली तर वर्षाचे ७२,००० होतात. फी हिश्श्यात धरणार का, हे अर्जापूर्वी विचारून घ्यावे. उरले १,१४,०००. बाजारातील एकोणीस दुकानदारांनी महिन्याला पाचशे दिले, की बरोबर तेवढे होतात. एकोणीस दुकाने तर एका गल्लीत असतात.

फी ठेवण्यास काहींचा विरोध असतो. फुकटची वस्तू आई-बाप मनावर घेत नाहीत, असा आमचा अनुभव आहे. ज्यांना खरेच झेपत नाही त्यांच्यासाठी जकातीचा मार्ग आहे, पण जपून. जकातीच्या आठ मदी कुरआन शरीफच्या सूरह तौबामध्ये ठरलेल्या आहेत आणि हनफी उलमांच्या मते जकात हकदाराच्या मालकीत गेली पाहिजे. तिच्यातून हॉलचे भाडे, शिक्षिकेचा पगार किंवा फरशी भागत नाही. गरीब पालकाच्या हातात जकात द्या, तो स्वतः फी भरेल, तर गोष्ट वेगळी. बाकी हिस्सा लिल्लाह व इमदादीच्या रकमेतून यावा. दोन्ही रकमांची खाती वेगळी ठेवावीत आणि शंका आली तर मुफ्तीसाहेबांना लेखी विचारावे. त्यांचे उत्तर फाईलमध्येही राहते.

कागदपत्रांत दोन जागा फार खटकतात. पहिली, शेड्यूल एकवरील विश्वस्तांची नावे. चारांपैकी दोघांचा इंतकाल होऊन दहा वर्षे झालेली असतात आणि नोंद तशीच. बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. दुसरी जागा घटनेतील उद्देश. ‘मुस्लिम मुलांसाठी’ असे लिहिले असेल तर ८०जी मिळणे अवघड, कारण एकाच धर्माच्या लाभासाठी असलेल्या संस्थेला ती सवलत नाही. ‘सर्व मुलांसाठी’ असे लिहावे आणि तसे वागावेही. यंत्रमागाच्या वस्तीत उत्तरेकडून आलेले हिंदू मजूर राहतात, तेलुगू पद्मशाली राहतात, त्यांची पोरे त्याच गटाराकाठी खेळतात.

कोकणातील व मालेगावातील बंधूंचे नातलग आखातात आहेत. त्यांचा पासपोर्ट भारतीय असेल आणि रक्कम स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत आली असेल, तर ती परदेशी देणगी ठरत नाही. ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले त्याची देणगी मात्र एफसीआरए नोंदणीशिवाय घेऊ नये, मग तो सख्खा भाऊ का असेना. पासपोर्टची प्रत पावतीबरोबर लावून ठेवावी.

शेवटी उधारीचा मुद्दा. मंजुरीचे पत्र आले म्हणजे पैसे आले नाहीत. ग्रँट हप्त्यांनी येते आणि पुढचा हप्ता मागच्या खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्यावर सुटतो. मधल्या काळात शिक्षिकेचा पगार थांबला तर ती दुसरीकडे जाते आणि बालवाडी बंद पडते. तेव्हा निदान तीन महिन्यांचे, आमच्या हिशेबात १,३५,००० रुपये, आधीच खात्यात असावेत. एकच बिल दोन दात्यांना दाखवू नये. प्रत्येक बिलावर कोणाच्या पैशातून भागवले तो शिक्का मारावा. दीडशे-दोनशे रुपयांत बनतो.