काटा नाचतो तेव्हा

पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी असलेली आमची पद्मिनी बाहेर काढली की मुरुडची खारी हवा तिच्यात कुठे कुठे शिरली आहे ते एकेक करून कळतं. यंदा ती मीटरमध्ये सापडली. गाडी सावकाश चाललेली, पण काटा वीस आणि पन्नासच्या मध्ये नाचत होता, आणि डॅशबोर्डच्या मागून चिरचिर ऐकू येत होती. मी पान्हा शोधायला लागलो तसे काका म्हणाले, "मीटर उघडू नकोस. आधी केबल बघ."

त्यांचं बरोबर होतं. गिअरबॉक्समधून आलेली केबल मीटरच्या पाठीत एक लोहचुंबक फिरवते. चुंबकाला लागून अॅल्युमिनियमची हलकी वाटी असते आणि वाटीच्याच दांडीवर काटा बसवलेला असतो. चुंबक वाटीला कुठेही टेकत नाही. पण तो फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे उठतात आणि वाटी त्याच्या दिशेने ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या रस्सीखेचीत वाटी जिथे थांबते तो आपला वेग. ऑटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 मध्ये याचं पेटंट घेतलं. इतकी साधी आणि इतकी टिकाऊ रचना मला तरी गाडीत दुसरी दिसत नाही. आत घासण्यासारखं फार थोडं असतं. झिजते ती केबल.

शिवाय मीटर स्वतःच बरंच सांगतो. किलोमीटरचे आकडे पुढे सरकतात पण काटा मेलेला, तर दोष मीटरच्या आत. दोन्ही बंद, तर केबल तुटली किंवा गिअरबॉक्सकडची जोडणी गेली. काटा नाचतो, तर केबल कोरडी पडली किंवा कुठेतरी मुडपली.

केबलचं वरचं टोक सोडवलं आणि आतली तार ओढून काढली. खालचा भाग काळ्या, घट्ट झालेल्या ग्रीसने माखलेला, वरच्या भागावर तांबूस गंज. रॉकेलमध्ये धुऊन सुती फडक्यातून ती हळूहळू ओढली. एखादी बारीक तार तुटलेली असली की फडकं तिथे अडकतं. मग फरशीवर ठेवून तळहाताखाली लाटली. सरळ तार गुपचूप लोळते. मुडपलेली उडी मारते. आमची उडाली नाही, म्हणजे नवी घ्यायची गरज नव्हती.

ग्रीस लावताना मात्र हात आखडता हवा. तार पिळाची असते, फिरताना ती ग्रीस वर चढवत नेते. ते मीटरमध्ये पोचलं की वाटी चुंबकाला चिकटते आणि काटा भलताच वर जातो. म्हणून वरचा वीतभर भाग कोरडा ठेवायचा. परत बसवतानाही केबलला कुठे तीव्र वळण पडू द्यायचं नाही, नाहीतर नाच पुन्हा सुरू.

मीटर ठीक आहे का ते न उघडताही बघता येतं. जुन्या केबलचा तुकडा त्याच्या चौकोनी भोकात घालून अंगठा आणि बोटामध्ये गर्रकन फिरवला की काटा उचलतो आणि सोडला की शून्यावर येतो. तो सहज परत आला, तेव्हा काकांनी मान डोलावली.

प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघायची त्याला आता वीस वर्षांहून जास्त काळ लोटला. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही गेली. आता अशी कामं जमणारी माणसं हाताशी असताना त्यांच्याकडून शिकून घेतली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

तपासणी नांदगावच्या रस्त्यावर केली, आठवड्याच्या मधल्या दिवशी, पहाटे; शनिवार-रविवारी काशीदला जाणाऱ्या गाड्यांमुळे एकसारखा वेग धरताच येत नाही. काटा चाळीसवर धरायचा आणि शेजारच्याने दोन किलोमीटर-दगडांमधला वेळ मोजायचा. बरोबर नव्वद सेकंद यायला हवेत. जास्त लागले तर मीटर वेग फुगवून सांगतोय, कमी लागले तर चुंबक अशक्त झाला असण्याची शक्यता. आम्हाला थोडे जास्त लागले. काकांनी उतरून टायर बघितले. झिजलेल्या टायरचा घेर कमी होतो, तेवढ्याच अंतरात चाक जास्त फेरे घेतं आणि मीटर जास्त दाखवतो. तेव्हा स्प्रिंगला हात न लावता आधी टायर बदलायचे आणि मग पुन्हा घड्याळ घेऊन निघायचं, असं ठरलं.