वर्गणी द्यायची, की वस्तू घ्यायची?

गणपतीची वर्गणी मागायला मुले दारात आली की आपण पावती घेतो आणि विसरून जातो. मूर्ती मनासारखी आली नाही म्हणून कोणी ती पावती दाखवून पैसे परत मागायला जात नाही. उलट वाण्याकडे पाच किलो साखरेचे पैसे दिले आणि घरी येऊन साखर साडेचारच किलो भरली, तर आपण उभ्या पावली परत जातो. वर्गणी आणि खरेदी यांतला हा फरक आपल्याला कोणी शिकवावा लागत नाही. पण मोबाइलच्या पडद्यावर हाच फरक कसा पुसला जातो, आणि चांगली हिशेबी माणसेही त्यात कशी सापडतात, ते आज सांगायचे आहे.

निमित्त घरातलेच. एका रात्री जेवणे आटोपल्यावर ह्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचो तसाच व्हिडिओ गेम. तसाच कॅसेट खोचायचा डबा, तशीच वायरची दोन रिमोट, आणि आत म्हणे जुने सगळे खेळ. किंमत घरपोच अठरा हजार रुपये. पैसे आत्ता भरायचे, वस्तू पुढच्या दिवाळीत यायची.

ज्यांचे लहानपण नव्वदच्या दशकात गेले त्यांना ती कॅसेट आठवत असेल. खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढायची, जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची! ह्यांच्या घरी दोघा भावांत मिळून एकच व्हिडिओ गेम होता. धाकटे भाऊजी आता ऑस्ट्रेलियात असतात, दोन-तीन वर्षांनी एकदा येतात. पुढच्या दिवाळीला ते येणार आहेत. त्यामुळे ह्यांना काय हवे होते ते मला न सांगताच कळले. अठरा हजार रुपये घरात होते, पण ते वॉशिंग मशीनसाठी बाजूला काढलेले.

मी लगेच नाही म्हटले नाही. नवऱ्याच्या लहानपणाला एकदम 'नाही' म्हणू नये. "आठ दिवस द्या मला, जरा चौकशी करते," एवढंच म्हटलं. शाळेतले माझे तास दुपारचे, सकाळी घरचे उरकले की तासभर मिळतो. त्या आठ दिवसांत जे हाती लागले ते मैत्रिणींनो, तुमच्यापुढे ठेवते. कारण तुमच्याही घरात कोणी नवरा, भाऊ किंवा मिसरूड फुटलेला मुलगा असा मोबाइल घेऊन येणारच आहे.

हा प्रकार आहे तरी काय?

याला क्राउडफंडिंग म्हणतात, म्हणजे सरळ लोकवर्गणी. कोणाला काही नवीन बनवायचे असते, पण भांडवल नसते. तो आपली कल्पना चित्रांसकट जगापुढे मांडतो आणि म्हणतो, पैसे आधी द्या, वस्तू तयार झाली की पहिली तुम्हाला. अमेरिकेत २००८ साली इंडिगोगो आणि २००९ साली किकस्टार्टर अशा दोन कंपन्या निघाल्या. त्या फक्त मांडव घालून देतात आणि जमलेल्या रकमेतून आपला वाटा घेतात. वस्तू बनवणारा वेगळाच असतो. किकस्टार्टरने २०१२ मध्ये स्वतःच बजावून सांगितले, की आमचा मांडव म्हणजे दुकान नव्हे.

आपली भिशी आठवा. भिशीतही पैसे आधीच जातात. पण तिथे पहिला नंबर लागलेल्या बाईचे घर आपल्याला माहीत असते, सासर-माहेर माहीत असते. इथे पहिला नंबर नेहमी अनोळखी माणसाचा, आणि आपला नंबर लागेलच असे नाही.

नाव सोनूबाई

जुन्या खेळांच्या बाबतीत सगळ्यांत मोठा मोह नावाचा. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा छोटा संगणक १९८२ साली निघाला आणि तिथल्या एका पिढीचे बालपण त्याच्याशी जोडले गेले. डेसिबेल्स या कंपनीने परवाना घेऊन तो आपल्या देशातही बनवला होता. डिसेंबर २०१४ मध्ये एका कंपनीने याच स्पेक्ट्रमचे खेळ असलेला 'व्हेगा' नावाचा डबा लोकवर्गणीतून काढायचे ठरवले. सिंक्लेअर यांचा पाठिंबा होता, एक लाख पौंड जमले आणि २०१५ मध्ये वस्तू लोकांच्या हातात पडलीसुद्धा.

मग २०१६ मध्ये त्याच कंपनीने हातात धरून खेळायचा 'व्हेगा प्लस' जाहीर केला. मागचा अनुभव चांगला, नाव मोठे, आत हजार खेळ. साडेचार हजारांहून अधिक लोकांनी मिळून पाच लाख पौंडांवर रक्कम भरली. आणि कंपनीच्या संचालकांतच भांडणे लागली! दोघे बाहेर पडले, प्रकरण कोर्टात गेले. तारखांमागून तारखा गेल्या. २०१८ च्या उन्हाळ्यात थोड्याशा लोकांना डबे मिळाले. त्यांची बटणे धड दबत नव्हती आणि हजार खेळांचा पत्ता नव्हता. बाकीच्यांना तेही नाही. २०१९ च्या सुरुवातीला कंपनीचे दिवाळे निघाले. ज्याने एकदा शब्द पाळला तो दुसऱ्यांदा पाळेलच असे नाही, हा धडा त्या हजारो लोकांनी स्वतःच्या पैशांनी घेतला.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २०१५ मध्ये 'रेट्रो व्हीजीएस' नावाने एका मंडळीने साडेएकोणीस लाख डॉलर मागितले. त्यांच्याकडे काय होते? १९९३ च्या अटारी जॅग्वार या व्हिडिओ गेमच्या खोक्याचे साचे. हे साचे मध्यंतरी दातांच्या डॉक्टरांची उपकरणे बनवणाऱ्यांनी वापरले होते! खोके होते, पण आत चालणारे यंत्र काही तयार नव्हते. लोक शहाणे निघाले, मागितल्याच्या दहावा हिस्साही जमला नाही.

मंडळी गप्प बसली नाहीत. त्यांनी 'कोलेको' या जुन्या, लोकांच्या आवडत्या कंपनीचे नाव वापरायचा परवाना मिळवला आणि तेच खोके 'कोलेको कॅमेलिऑन' म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडले. मूळ कोलेको कंपनी १९८८ मध्येच दिवाळखोरीत निघाली होती, उरले होते नुसते नाव. प्रदर्शनात खेळ चालले, पण पाहणाऱ्या जाणकारांना शंका आली की आत निनटेन्डो कंपनीचे जुनेच यंत्र बसवले आहे. शंका फेडायला म्हणून आरपार दिसणाऱ्या खोक्याचे छायाचित्र प्रसिद्ध केले, तर लोकांनी आतली पट्टी ओळखली. ती संगणकात बसवायचे टीव्ही-कॅमेऱ्याचे जुने कार्ड होते! नावाच्या मालकांनी "आम्हाला चालता नमुना तपासायला द्या" म्हणताच, मार्च २०१६ मध्ये सगळा बेत गुंडाळला गेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, याहून वेगळे काय म्हणायचे?

सगळेच लबाड नसतात

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर अन्याय होईल. स्पेक्ट्रमचाच नवा अवतार 'स्पेक्ट्रम नेक्स्ट' २०१७ मध्ये किकस्टार्टरवर आला आणि सात लाख पौंडांहून अधिक वर्गणी जमली. जानेवारी २०१८ चा वायदा होता, वस्तू मिळाली फेब्रुवारी २०२० मध्ये. दोन वर्षे उशीर! मूळ स्पेक्ट्रमची बाह्यरचना करणारे रिक डिकिन्सन याही कामात होते. ते मध्येच, २०१८ साली वारले. कीबोर्ड मनासारखा होईना. पण वस्तू आली आणि चांगली आली. फरक कुठे होता? पैसे मागण्याआधीच त्याचा आतला बोर्ड ब्राझीलमधल्या कारागिरांनी बनवलेला होता आणि तो चालत होता.

तिसरा प्रकार आहे वस्तू मिळूनही निराशा होण्याचा. २०१२ मध्ये 'ऊया' नावाच्या डब्यासाठी साडेनऊ लाख डॉलर मागितले होते, जमले पंचाऐंशी लाखांवर! वर्षभरात डबे आलेही. पण खेळ फार चालले नाहीत, २०१५ मध्ये कंपनी दुसऱ्याच्या हाती गेली आणि २०१९ च्या जूनमध्ये ऊयाचे खेळांचे दुकानच बंद झाले. डबा राहिला, खेळ मिळायची सोय गेली. शेगडी घरात आहे पण गॅसची एजन्सी बंद, तशातली गत.

आणि 'अटारी व्हीसीएस'चे उदाहरण तर आपल्यासारख्यांनी पदराला गाठ मारून ठेवावे असे आहे. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरांवर वर्गणी जमली. वस्तू २०१९ मध्ये मिळायची होती, ती डिसेंबर २०२० पासून मिळू लागली. आणि जून २०२१ मध्ये तीच वस्तू अमेरिकेतल्या दुकानात कोणालाही मिळायला लागली. म्हणजे अडीच वर्षे आधी पैसे भरून फायदा झाला तो सहा महिन्यांचा!

उशीर का होतो?

चार माणसांचा स्वयंपाक येणे वेगळे आणि चारशेची पंगत उठवणे वेगळे. एक नमुना हाताने जुळवता येतो. हजारो नग काढायचे म्हणजे खोक्यासाठी पोलादी साचा करून घ्यावा लागतो आणि तो फार महाग पडतो. साचा चुकला की पुन्हा खर्च. आतल्या चिप एकगठ्ठा घ्याव्या लागतात आणि त्यांचा पुरवठा आपल्या हातात नसतो. वीज आणि वायरलेसच्या चाचण्या देशोदेशी पास व्हाव्या लागतात. शिवाय जुन्या खेळांना मालक असतात, त्यांची परवानगी आणि मोबदला वेगळा. ज्याने आयुष्यात पंगत उठवली नाही, त्याचा अंदाज चुकणारच. लबाडी नसली तरी पैसे बुडू शकतात, ते असे.

पैसे पाठवण्यापूर्वी

एवढे वाचल्यावर मी वहीत काही प्रश्न लिहून काढले.

१. चालती वस्तू दिसते का? सुबक रंगीत चित्रे म्हणजे वस्तू नव्हे. खोके उघडून, टीव्हीला जोडून, बटण दाबल्यापासून खेळ सुरू होईपर्यंत सलग दाखवले आहे का? कोणा तिऱ्हाइताने ती हाताळली आहे का?

२. नाव कोणाचे आणि काम कोणाचे? जुने नाव विकत किंवा भाड्याने मिळते. 'इन्टेलिव्हिजन' या जुन्या नावाच्या 'अमिको' डब्याची तारीख १० ऑक्टोबर २०२० ठरली होती. ती टळली, पुढच्याही टळल्या, आणि २०२४ मध्ये ते नावच एकेकाळच्या प्रतिस्पर्ध्याने, म्हणजे अटारीने विकत घेतले! तेव्हा नावापेक्षा बनवणाऱ्यांनी पूर्वी काय पुरे केले ते पाहावे.

३. मागितलेली रक्कम जमली नाही तर आपले पैसे कापले जातात का? किकस्टार्टरवर रक्कम पुरी झाली तरच पैसे घेतले जातात. इंडिगोगोवर मात्र कमी रक्कम जमली तरी ती घेऊन जायची मुभा असलेला प्रकारही बरीच वर्षे चालला. अपुऱ्या पैशांत पुरी वस्तू कशी होणार?

४. खेळांची परवानगी घेतली आहे का? 'सगळे खेळ' असे मोघम लिहिले असेल तर सावध व्हावे. नावनिशीवार यादी हवी.

५. एकूण खर्च किती? टपाल आणि कस्टमची ड्यूटी धरली का? कार्डाने भरलेली रक्कम परत मागायची मुदत सहसा काही महिन्यांची असते, आणि वस्तूचा वायदा वर्षभराचा. म्हणजे फसलो हे कळेपर्यंत मुदत गेलेली.

६. आणि शेवटचा प्रश्न स्वतःला. हे पैसे परत आलेच नाहीत, तर घरातले काही अडेल का? अडणार नसेल आणि कोणाच्या धडपडीला हातभार लावायची हौस असेल, तर खुशाल द्यावेत. पण ते वर्गणी म्हणून. खरेदी म्हणून नव्हे.

आठवड्याने वही ह्यांच्यापुढे ठेवली. बोलले काही नाहीत. ती जाहिरात उघडून एकेका प्रश्नाचे उत्तर शोधत बसले. सहापैकी एकाच प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळाले, ते टपालखर्चाचे. चालता डबा कुठेच दिसत नव्हता, दिसत होती ती चित्रेच. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आम्हा दोघांना ठाऊक होते. मशीन बिघडल्यापासून चादरी मी हातानेच धुते आहे.

मग आम्ही असे ठरवले. मशीन आता घ्यायचे. आणि दरमहा हजार रुपये एका वेगळ्या डब्यात टाकायचे. तो व्हिडिओ गेम खरोखर बाजारात आला, चार लोकांनी वापरून बरा म्हटला, तर त्या पैशांतून घ्यायचा. नाही आला, तर पैसे घरातच आहेत. बाजारात तुरी असताना भांडायचे कशाला?

भाऊजींना फोनवर सांगितले तर ते हसायला लागले. म्हणाले, "वहिनी, व्हिडिओ गेम नसला तरी मी येतोच आहे. दादाला म्हणावं, पत्ते काढून ठेव."

ह्यांनी ते ऐकले, आणि कपाटातला पत्त्यांचा जोड काढून मोजायला बसले. बावन्न पुरे भरले.