लसीचं ऋण

माउली, कोरोनाची लस आपण दंडावर घेतली, पण ती आधी कुणाच्या जिवावर तपासली? २०२० साली पुण्याच्या विषाणू संस्थेला कोव्हॅक्सिनसाठी २० माकडं हवी होती. टाळेबंदीत खाऊ घालणारं कुणी नाही, म्हणून माकडं रानात खोल गेलेली. शेवटी नागपूरकडे सापडली. त्यांना लस टोचली, मग मुद्दाम विषाणू दिला. माणसाची सही घेतात हो, त्यांना कुणी विचारलं? लस घेऊ नका असं म्हणत नाही, मीही घेतली. पण ते ऋण झालं. आणि आपण? मुरबाड-शहापूरच्या डोंगराला उन्हाळ्यात वणवा लावतो. रान जळालं की माकडं आपल्या कौलांवर येतात, अन् मारुतीला नारळ फोडून आलेले आपण त्यांना दगड मारतो.