समुद्रतळ आणि आपले घर

दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीसाठी मुले वसतिगृहातून घरी निघतात, तेव्हा न्यावयास आलेले पालक आम्हांला एक प्रश्न हमखास विचारतात : "गुरुजी, सुटीत याचा अभ्यास कसा घ्यावा? आम्ही तर फार शिकलेलो नाही." या प्रश्नात मुलाविषयीची काळजी असते, तशी स्वतःविषयीची खंतही असते. मूल शाळेत पुस्तकांच्या सहवासात वाढते. आईवडील ऊसतोडणीला, बांधकामावर किंवा शेतमजुरीला जातात. हळूहळू मुलाच्याही मनात असे बसते, की ज्ञान शाळेत असते, घरी नसते. ही समजूत वेळीच दूर झाली नाही, तर मूल शिक्षणाने पुढे जाते आणि घरापासून तुटते. निवासी शाळेला या गोष्टीची धास्ती अधिक वाटावी हे स्वाभाविक आहे, कारण वर्षातील बहुतेक दिवस मूल आमच्याकडे असते. म्हणून पहिली ते चौथीच्या मुलांनी घरच्या माणसांबरोबर, घरातल्याच वस्तूंनी करावयाचे काही उपक्रम येथे देत आहोत.

त्यासाठी विषय घेतला आहे समुद्राच्या तळाचा. आमची बरीच मुले समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहतात, मग हाच विषय का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या विषयात घरातील शिकलेला आणि न शिकलेला यांच्यातील अंतर फारसे उरत नाही. समुद्रतळ गुरुजींनीही पाहिलेला नाही. पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापला आहे; परंतु त्याच्या तळाचा तपशीलवार नकाशा आजवर सुमारे एक चतुर्थांशच तयार झाला आहे. जे जगालाच पुरते ठाऊक नाही, त्याविषयी आईने मुलाला प्रश्न विचारण्यात संकोच कसला?

ओढ्याचा माग

पहिला उपक्रम पाण्याच्या वाटेचा. आपल्या वस्तीजवळचा ओढा कोणत्या नदीला मिळतो, ती नदी कोठे जाते, हे मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि नकाशावर बोटाने वाट काढावी. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. वैनगंगा व वर्धा मिळून प्राणहिता होते, ती गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. अकोल्याकडची पूर्णा मात्र तापीला मिळून अरबी समुद्राकडे वळते. गोदावरी त्र्यंबकेश्वराजवळ, अरबी समुद्रापासून केवळ ८० किलोमीटरांच्या आसपास उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन पूर्वेच्या समुद्राला मिळते, हे कळल्यावर मुले चकित होतात.

येथे पालकांनी एक गोष्ट जरूर सांगावी. निरनिराळ्या नद्या समुद्राला मिळाल्या की आपली नावे टाकून समुद्रच होतात, त्याप्रमाणे संघात आलेल्यांची जात व कुळ उरत नाही, ही तथागतांची उपमा आहे. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी तिचे स्मरण करून दिले होते. आपल्या ओढ्याचा माग काढलेल्या मुलाला ही उपमा पाठ करावी लागत नाही. ती त्याच्या बोटाखालून गेलेली असते.

सुतळीवरचा समुद्र

सव्वा मीटर सुतळी घ्यावी. एक सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर खोली, असे प्रमाण धरावे. सुतळीचे वरचे टोक म्हणजे समुद्राचा पृष्ठभाग. तेथून खाली मोजत रंगीत चिंध्या बांधाव्यात. २ सेंटिमीटरवर पहिली : येथपर्यंत, म्हणजे २०० मीटरपर्यंतच, वनस्पतींना पुरेल इतका सूर्यप्रकाश पोहोचतो. आपल्या ताटातील पापलेट आणि बांगडा याच पट्ट्यातले. १० सेंटिमीटरवर दुसरी : १,००० मीटर. याच्याखाली सूर्यप्रकाश नाही. ३७ सेंटिमीटरवर तिसरी : ही समुद्राची सरासरी खोली. ६० सेंटिमीटरवर चौथी : भारताने तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेण्यासाठी 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी बांधावयास घेतली आहे, ती येथवर जावयाची आहे. शेवटची चिंधी १०९ सेंटिमीटरवर : पॅसिफिक महासागरातील मारियाना खंदकाचा तळ, सुमारे १०,९०० मीटर. २३ जानेवारी १९६० रोजी झाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' या यानातून तेथे पहिल्यांदा उतरले. एव्हरेस्ट शिखर या खंदकात ठेवले, तर त्याच्या माथ्यावर आणखी दोन किलोमीटर पाणी राहील.

सुतळी दाराच्या चौकटीला टांगून ठेवावी. येताजाता घरातील सर्वांची नजर तिच्यावर पडते. अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात महासमुद्राचे आठ गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला गुण असा, की समुद्र एकदम खोल होत नाही, तो क्रमाक्रमाने उतरत जातो. धम्मातील शिक्षणही तसेच क्रमाने होते. सहा-सात वर्षांच्या मुलाकडून सगळे एका दिवसात अपेक्षिणाऱ्या पालकांनी आणि शिक्षकांनीही या सुतळीकडे अधूनमधून पाहावे.

मिठाचा डबा

समुद्र पाहिला नसला, तरी त्याचे मीठ प्रत्येक घरात आहे. एक किलो समुद्रपाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावशेर मावेल अशा पेल्यात पाणी घेऊन दीड सपाट लहान चमचा मीठ विरघळविले, की साधारण समुद्राइतके खारे पाणी तयार होते. बोट बुडवून चव घ्यावी. पिऊ मात्र नये. त्यात ताजे अंडे किंवा बटाट्याची फोड सोडावी. ती बुडेल. मग एकेक चमचा मीठ वाढवीत जावे आणि कितव्या चमच्याला ती तरंगली, हे मुलाने वहीत लिहावे. मीठ विरघळले की तेवढेच पाणी अधिक जड होते आणि जड पाणी वस्तूला अधिक जोराने वर उचलते. म्हणूनच समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात शिरलेले जहाज थोडे अधिक बुडते.

हे खारे पाणी झाडाला घालू नये. ताटात पसरून उन्हात ठेवावे. दोन-चार दिवसांत पाणी उडून जाते आणि ताटात मिठाचे खडे उरतात. कोकणातील मिठागरांचे सारे तत्त्व या एका ताटात आहे. महासमुद्राची चव सर्वत्र एकच, खारट. तशी धम्माची चवही एकच, विमुक्तीची, असे त्याच सुत्तात म्हटले आहे.

सुकट आणि सुके बोंबील

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आठवडी बाजारातून सुकट येते, सुके बोंबील येतात. समुद्रापासून दूरच्या गावातही समुद्र असा रोज स्वयंपाकघरात पोहोचलेला असतो. मूठभर सुकट आणि एक बोंबील पाण्यात भिजवून शेजारी शेजारी ठेवावे आणि मुलाला विचारावे : हाड कोणाला आहे? बोंबलात मधोमध पाठीचा कणा सापडतो. सुकटीत कणा नाही. तिचे कवच बाहेरून असते, पुढे लांब मिशा, काळे टपोरे डोळे. म्हणजे सुकट हा मासा नव्हेच. ती कोळंबी-खेकड्यांच्या कुळातली. सुकट निवडण्यात ज्या आजीची हयात गेली, तिने हा फरक हातांनी केव्हाच ओळखलेला असतो. या उपक्रमात शिक्षिका तीच. ज्या घरी मासळी चालत नाही, त्यांनी हा उपक्रम खुशाल सोडावा.

दाब आणि अंधार

प्लास्टिकच्या बाटलीला एकाखाली एक अशी तीन भोके पाडावीत (हे काम मोठ्यांनी करावे). बाटली पाण्याने भरून ओट्याच्या कडेवर ठेवावी व खाली घमेले धरावे. सर्वांत खालची धार सर्वांत जोरात निघते, कारण तिच्यावर पाण्याचा भार अधिक. समुद्रात दर १० मीटर खोलीला संपूर्ण वातावरणाच्या भाराइतका दाब वाढतो. घमेल्यातील पाणी कढीपत्त्याला किंवा गुरांना द्यावे. पाण्याच्या हक्कासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर गेलेल्यांचे आपण वारस आहोत. पाण्याचे मोल मुलाने आपल्याच घरी शिकावे.

रात्री दिवा मालवून टॉर्चच्या काचेवर निळा जिलेटीन कागद दोन-तीन पदरी गुंडाळावा आणि लाल मिरची व पांढरा कागद त्या उजेडात पाहावेत. मिरची काळपट दिसते. समुद्राचे पाणी लाल प्रकाश आधी शोषून घेते आणि निळा खोलवर जातो. त्यामुळे खोल पाण्यातील लाल प्राणी शत्रूला दिसतच नाहीत.

साड्यांनी मोजलेला देवमासा

निळा देवमासा सुमारे ३० मीटरांपर्यंत वाढतो. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटरांची. अंगणात किंवा समाजमंदिरासमोर शेजारच्या बायांनी साड्या टोकाला टोक लावून पसरल्या, तर साडेपाच साड्यांत देवमासा पुरा होतो. त्याच्या शेजारी मुलांनी ओळीने झोपावे आणि आपण किती जण त्याच्या लांबीत मावतो, हे मोजावे. हा प्राणी मासा नसून आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा आणि पिलाला दूध पाजणारा आहे, हे त्यानंतर सांगितले, तर ते कायमचे लक्षात राहते.

प्रश्न विचारण्याची रीत

या सर्व उपक्रमांत पालकांनी एवढेच करावयाचे आहे. आधी विचारावे, "तुला काय वाटते, काय होईल?" मग करू द्यावे. मग विचारावे, "काय झाले? असे का झाले असेल?" उत्तर चुकले, तरी हसू नये. स्वतःला उत्तर ठाऊक नसेल, तर "चल, बघू" असे म्हणावे. कालामांना उपदेश करताना भगवंतांनी सांगितले, की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतात म्हणूनही एखादी गोष्ट स्वीकारू नये. हा उपदेश आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. बादली, मीठ आणि सुतळी घेऊन तो आचरणातही आणता येतो. त्यासाठी पालकाला अक्षरओळख असलीच पाहिजे असे नाही. आजीचा प्रश्न मुलाने तिच्याच शब्दांत वहीत लिहावा, म्हणजे लेखनाचा सरावही होतो.

आणखी एक लक्षात ठेवावे. पहाराद सुत्तातील समुद्र मृतदेह स्वतःत ठेवून घेत नाही, तो किनाऱ्यावर आणून टाकतो. आजच्या समुद्राला आपले प्लास्टिक मात्र असे बाहेर टाकता येत नाही; मारियाना खंदकाच्या खोलीतही ते आढळले आहे. ज्या मुलाने आपल्या ओढ्याचा माग समुद्रापर्यंत काढला आहे, त्याला ओढ्यात पडलेले वेष्टन कोठे जाईल, हे निराळे सांगावे लागणार नाही.

सुटी संपवून परत येताना मुलांनी सुतळी आणि प्रश्नांची वही सोबत आणावी, अशी आमची विनंती आहे. वहीतील प्रश्नांवर आम्ही वर्गात चर्चा करू. ज्यांची उत्तरे आम्हांलाही येणार नाहीत, ते मुलांबरोबर शोधू. आमचे जे माजी विद्यार्थी आज समुद्रकिनाऱ्यावरील गावांत व शहरांत स्थिरावले आहेत, त्यांनी या मुलांना पत्रे लिहावीत, भरती-ओहोटी कशी दिसते ते कळवावे, चार रिकामे शिंपले पाठवावेत. आणि पालकांनी पुढच्या वेळी मुलाला न्यावयास येताना संकोच बाजूला ठेवून, आपल्या घरी कोणता प्रश्न निघाला तेवढे आम्हांला सांगावे. तो आम्हांला ऐकावयाचा आहे.