क्लोपिडोग्रेलची बाजू

रक्ताची गुठळी रोखणाऱ्या गोळ्यांत टिकाग्रेलॉर की प्रासुग्रेल, हा सामना गेली काही वर्षं हृदयरोगाच्या परिषदांमध्ये रंगतो आहे. त्यात क्लोपिडोग्रेल या त्यांच्याहून जुन्या गोळीचं नाव निघालंच, तर निरोप समारंभात उत्सवमूर्तीचं निघतं तसं निघतं : कौतुकानं, आणि आता तुम्ही विश्रांती घ्या अशा सुरात. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीपुरतं बोलायचं तर हा निरोप घाईचा आहे, असं माझं मत आहे. मोठ्या चाचण्यांचे आकडे मला नाकारायचे नाहीत. त्या चाचण्यांत कोणते रुग्ण घेतले आणि कोणते वगळले, एवढंच विचारायचं आहे. छातीत कळ आल्यापासून कॅथलॅबच्या टेबलापर्यंतचा प्रवास मुरबाडच्या किंवा डोंबिवली पूर्वेच्या माणसाचा एक असतो, युरोपातल्या शहरातल्या माणसाचा दुसराच. गोळी त्या प्रवासावरून ठरायला हवी. ती बाजारात कधी आली यावरून नव्हे.

हिशेब मांडायचा तर ॲस्पिरिनपासून, आणि १९८८ च्या इसिस-२ पासून. ४१७ रुग्णालयांतल्या १७,१८७ रुग्णांची ही चाचणी 'लॅन्सेट'मध्ये आली आणि हार्ट अटॅकच्या उपचाराची घडीच बदलली. स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन यांपैकी काहीच न मिळालेल्यांत पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणानं १३.२ टक्के रुग्ण दगावले. दोन्ही मिळालेल्यांत ८ टक्के. एकट्या स्ट्रेप्टोकायनेजनं मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी घटले, एकट्या ॲस्पिरिननं सुमारे २३ टक्क्यांनी. म्हणजे चिल्लर पैशांत येणारी गोळी गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनच्या तोडीला उतरली. याच चाचणीत संशोधकांनी एक मार्मिक गंमत केली. रुग्णांचे मनाला येतील तसे उपगट पाडले की काय होतं हे दाखवायला त्यांनी राशीनुसार विभागणी केली (सूर्यराशी, आपली चंद्रराशी नव्हे), तर मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिन किंचित बाधल्याचं दिसलं! दिवाळी अंकांत वार्षिक भविष्य असतंच. मिथुन-तूळवाल्यांनी तरीही ॲस्पिरिन सोडू नये. हा विनोद लक्षात ठेवावा, पुढे त्याचं काम पडणार आहे. पण इतक्या वर्षांनंतरही एक साधी गोष्ट चुकते. आपल्याकडची रोजची इकोस्प्रिन पोटात नव्हे, आतड्यात विरघळावी अशा आवरणाची असते. अटॅकच्या वेळी ती पाण्याबरोबर गिळली तर मोलाचा वेळ आवरण सुटण्यातच जातो. ती चावून घ्यायची असते, किंवा विरघळणारी साधी ॲस्पिरिन द्यायची असते, अर्थात डॉक्टरच्या सांगण्यावरून. नव्या गोळ्यांवर तासभर बोलणारे वक्ते यावर एक मिनिटही खर्च करत नाहीत.

त्यानंतरचा काळ भरभर ओलांडायला हरकत नाही. टिक्लोपिडिन आली, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटवते म्हणून मागे पडली. ॲब्सिक्सिमॅब, एप्टिफिबाटाइड, टिरोफिबान ही शिरेतून द्यायची औषधं कॅथलॅबमध्ये एकेकाळी सर्रास वापरली गेली, आता अडीअडचणीलाच निघतात. २००१ च्या क्युअर चाचणीत १२,५६२ रुग्ण होते. ॲस्पिरिनला क्लोपिडोग्रेलची जोड दिल्यावर मृत्यू, अटॅक आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण ११.४ टक्क्यांवरून ९.३ वर आलं. मोठा रक्तस्राव मात्र २.७ वरून ३.७ टक्क्यांवर गेला. गुठळी रोखणाऱ्या प्रत्येक औषधाला ही दुसरी बाजू असतेच. कंपनीच्या चकचकीत पत्रकावर ती बारीक अक्षरात छापतात.

आता मला जिचं अगत्य आहे ती चाचणी : २००५ ची कमिट. चीनमधली सुमारे साडेबाराशे रुग्णालयं आणि ४५,८५२ रुग्ण. त्यांतले बहुतेक ईसीजीत एसटी उंचावलेले, म्हणजे धमनी पूर्ण बंद झालेले. तातडीच्या अँजिओप्लास्टीला जाणारे मुद्दाम वगळलेले, आणि निम्म्याहून अधिकांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेलं. वयाला वरची मर्यादा नाही. सत्तरीपुढचे चौथ्या हिश्श्याहून जास्त. लोडिंग डोससुद्धा (सुरुवातीचा मोठा डोस) नाही, ॲस्पिरिनबरोबर रोज ७५ मिलिग्रॅमची एक क्लोपिडोग्रेल, बस्स. मृत्यू ८.१ टक्क्यांवरून ७.५ वर आले आणि मोठा रक्तस्राव लक्षात येण्याजोगा वाढला नाही. फरक लहान दिसतो. पण हा मृत्यूंतला फरक आहे, पुन्हा दाखल होण्यातला किंवा रक्ततपासणीतल्या आकड्यातला नव्हे, आणि एवढ्या स्वस्तात तो मिळाला. त्याच वर्षी क्लॅरिटी या ३,४९१ रुग्णांच्या चाचणीनं पंचाहत्तरीपर्यंतच्या रुग्णांना इंजेक्शनसोबत ३०० मिलिग्रॅमचा लोडिंग डोस दिला. अँजिओग्राफीपर्यंत धमनी बंद राहणं, मृत्यू किंवा पुन्हा अटॅक येणं याचं प्रमाण २१.७ टक्क्यांवरून १५ वर आलं. लहान नर्सिंग होमच्या आयसीयूत निर्णय घेणाऱ्या फिजिशियनला लागणारा पुरावा या दोन चाचण्यांत आहे. परिषदेच्या पडद्यावर त्या आता क्वचितच दिसतात.

हा पुरावा आपल्याला का लागतो, ते नकाशा सांगतो. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीतही आज कॅथलॅब आहेत, हे खरं. पण रुग्ण येतो शहापूर, टिटवाळा, बदलापूरहून. वाटेत कल्याण-शीळ रस्ता किंवा घोडबंदर रस्ता असतो. पालिकेच्या शास्त्रीनगर किंवा रुक्मिणीबाई रुग्णालयाच्या दारात पोचलेल्या गरिबाची पुढची वाट कळवा, नाही तर सायन-केईएम. अँजिओप्लास्टी निदानापासून १२० मिनिटांत होणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी द्या आणि मग हलवा, असं जगभरची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. आपल्या पट्ट्यात हा अपवाद राहत नाही. भारतातल्या ५० शहरांतल्या २०,४६८ रुग्णांची क्रिएट नोंदवही २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत रुग्णालयात पोचायलाच मधला काळ ३६० मिनिटांचा होता. धमनी पूर्ण बंद झालेल्यांपैकी ५८.५ टक्क्यांना इंजेक्शन मिळालं आणि जेमतेम ८ टक्क्यांची अँजिओप्लास्टी झाली. तीस दिवसांतले मृत्यू गरिबांत ८.२ टक्के, श्रीमंतांत ५.५. नंतरच्या वर्षांत अँजिओप्लास्टी पुष्कळ वाढली. रस्ते मात्र तेवढे मोकळे झाले नाहीत. इंजेक्शन देऊन मग हलवण्याची पद्धत दुय्यम नाही, हे तमिळनाडूतल्या एका प्रकल्पानं दाखवून दिलं. लहान रुग्णालयं मोठ्यांना जोडल्यावर वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ वर आले. आणि त्या इंजेक्शनांतलं टेनेक्टेप्लेज तर पुण्यातच बनतं.

आता समोरच्यांचं म्हणणं. त्यांचा हुकमी एक्का म्हणजे २००९ ची प्लेटो : १८,६२४ रुग्ण, टिकाग्रेलॉरवर मृत्यू-अटॅक-पक्षाघात मिळून ९.८ टक्के, क्लोपिडोग्रेलवर ११.७, नुसते मृत्यू ४.५ विरुद्ध ५.९. हा फरक मोठा आहे आणि तो मी मान्य करतो. पण आदल्या चोवीस तासांत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेल्यांना प्लेटोत प्रवेशच नव्हता. त्यांच्यासाठी वेगळी ट्रीट चाचणी झाली, ३,७९९ रुग्णांची, सगळे पंचाहत्तरीच्या आतले. निष्कर्ष असा, की इंजेक्शननंतर काही तासांनी टिकाग्रेलॉर दिल्यानं मोठा रक्तस्राव वाढत नाही. वर्षाअखेर हृदयाच्या दृष्टीनं क्लोपिडोग्रेलपेक्षा ठळक फायदाही नाही. यातली मेख अशी, की त्यांतल्या दहापैकी नऊ जणांना टिकाग्रेलॉरच्या आधी क्लोपिडोग्रेल मिळालेलंच होतं! दारातली गोळी तिथेही तीच. प्लेटोतच अमेरिकेतल्या रुग्णांत निकाल उलटा लागला होता. इथे राशींची गंमत आठवावी : हा योगायोग, की खरं काही? मोठ्या डोसची ॲस्पिरिन हे कारण पुढे आलं आणि टिकाग्रेलॉरबरोबर ॲस्पिरिन १०० मिलिग्रॅमच्या वर नको, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी पत्रकात घातला. कारण पूर्ण सिद्ध झालेलं नसलं तरी सावधगिरीला खर्च शून्य आहे. तरीही इकोस्प्रिन दीडशे आणि टिकाग्रेलॉर अशी जोडी चिठ्ठीवर दिसते, ती लिहिणाऱ्यांनी प्लेटोचं नाव तरी घेऊ नये.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. क्लोपिडोग्रेल यकृतातल्या सीवायपी२सी१९ या विकराकडून सक्रिय व्हावं लागतं, आणि दक्षिण आशियाई लोकांत हे विकर मंद असणं फार आढळतं. ब्रिटनमधल्या पाकिस्तानी-बांगलादेशी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात निम्म्याहून जास्तांत ते कमी-अधिक मंद निघालं. ज्यांच्यात दोन्ही प्रती सदोष होत्या त्यांना पुन्हा अटॅक येण्याचा धोका कितीतरी जास्त होता. हे झटकून टाकता येणार नाही. स्टेंट बसलेल्या माणसाला पहिल्या महिन्यात केवळ क्लोपिडोग्रेलवर ठेवणं जिथे टाळता येतं तिथे टाळावं, आणि त्या गोळीवर असताना स्टेंटमध्ये गुठळी झाली तर गोळी बदलावीच. पण यातून नर्सिंग होममधल्या पहिल्या तासाला क्लोपिडोग्रेल नको, असं निघत नाही. इंजेक्शनच्या सोबतीला सर्वांत भक्कम पुरावा तिचाच आहे. घरी ॲसिडिटीवर ओमेप्राझोल घेण्याची सवय हेच विकर आणखी दाबते. त्याऐवजी पॅन्टोप्राझोल लिहायला जनुकतपासणी लागत नाही.

थेट कॅथलॅबमध्ये पोचणाऱ्या रुग्णाचं काय? तिथे नवी गोळी हवी, आणि ती बहुधा प्रासुग्रेल असावी, हे माझं मत वक्त्यांना आवडत नाही. २०१९ च्या इसार-रिॲक्ट ५ या ४,०१८ रुग्णांच्या चाचणीत टिकाग्रेलॉरवर ९.३ टक्के रुग्णांना मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघातानं गाठलं, प्रासुग्रेलवर ६.९. चाचणी उघड पद्धतीची होती, कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना माहीत होतं, हा आक्षेप रास्त. तरी निकाल अपेक्षेच्या नेमका उलट लागला, तेव्हा मनाजोगता निकाल लावला असं म्हणता येत नाही. प्रासुग्रेल दिवसातून एकदा घ्यायची आणि धाप लावत नाही. टिकाग्रेलॉरनं प्लेटोत १३.८ टक्क्यांना धाप लागली होती, आणि धापेला घाबरून गोळी सोडणारा रुग्ण कोणत्याही चाचणीच्या कामाचा नाही. अट एवढीच : पूर्वी पक्षाघात झालेल्याला प्रासुग्रेल द्यायची नाही, आणि साठ किलोंखाली किंवा पंचाहत्तरीपुढे द्यायचीच तर निम्मी. आपल्याकडच्या वजनांना ही अट वरचेवर लागू पडते. सत्तरीपुढच्यांत तर क्लोपिडोग्रेलच बरी, हे २०२० च्या डच चाचणीत दिसलं : रक्तस्राव २४ टक्क्यांऐवजी १८, आणि अटॅक वाढले नाहीत. कोरियातल्या टालोस-एएमआयनं एक महिना टिकाग्रेलॉर देऊन पुढे क्लोपिडोग्रेलवर आणलेल्यांची तुलना वर्षभर टिकाग्रेलॉर घेणाऱ्यांशी केली. रक्तस्राव आणि हृदयाचे धोके मिळून ४.६ विरुद्ध ८.२ टक्के. कोरियन शरीराचा निकाल आपल्याला जसाच्या तसा लावता येणार नाही, विशेषतः विकराचा प्रश्न असताना. पण ज्याला रक्तस्रावाची भीती जास्त, त्याच्यासाठी हा मार्ग खुला आहे.

या सगळ्यावर पाणी पडतं ते घरी. दात काढायचा म्हणून, नाकातून रक्त आलं म्हणून, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून गोळी बंद होते, आणि स्टेंटमध्ये गुठळी होण्याचं एक मोठं कारण हेच आहे. पूर्वी असं काही करण्याआधी फॅमिली डॉक्टरला विचारायची रीत होती. घरातल्या कुणाला अल्सर आहे आणि कुणाला पक्षाघात झाला होता, हे त्याला तोंडपाठ असे. तो डोंबिवलीतून दिसेनासा होत चालला आहे, आणि त्याची जागा केमिस्टच्या काउंटरनं घेतली. काउंटरला डिस्चार्ज कार्डाशिवाय काही वाचता येत नाही, तेव्हा निदान कार्डावर तरी नीट लिहावं : इंजेक्शन कोणतं दिलं आणि किती वाजता, दुसरी गोळी कोणती आणि कोणत्या तारखेला बदलायची, दातासाठी कोणाला विचारल्याशिवाय थांबवायची नाही, आणि टिकाग्रेलॉर असेल तर ॲस्पिरिन ७५, दीडशे नाही.