लांकडी जहाजाचा सांगाडा

खानदेशांतील विद्यार्थ्यास समुद्राचें दर्शन बहुधा सहलीच्या निमित्तानेंच घडतें. पारोळ्याच्या बाजारांत नाना वस्तु मिळतील, परंतु जहाज कांहीं दृष्टीस पडावयाचें नाहीं. तथापि जहाज कसें बांधतात हें समजून घेण्यास समुद्रकांठींच राहिलें पाहिजे असें नाहीं. थोडें लांकूड, चार हत्यारें, भूमितीच्या तासाला शिकलेल्या दोन-तीन गोष्टी आणि पुष्कळशी चिकाटी एवढें भांडवल असलें म्हणजे घरच्या ओसरीवरहि जहाजाचा सांगाडा उभा करतां येतो. तो कसा करावा व त्यांत कोठें विशेष जपावें, हें येथें सांगावयाचें आहे.

नमुना करावयाचा तर तो एखाद्या खऱ्या जहाजाचा करावा. म्हणजे मापांना अर्थ येतो. त्यासाठीं आपल्या मुंबईंतच बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज घेऊं. लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी कारागीर १७३६ सालीं सुरतेहून मुंबईस आले, आणि पुढें त्यांच्या घराण्यानें कित्येक पिढ्या तेथील गोदींत जहाजें बांधिलीं. त्याच घराण्यांतील जमशेटजी बमनजी यांनीं ‘ट्रिंकोमाली’ हें युद्धनौकेचें काम १८१६ च्या मे महिन्यांत हातीं घेतलें. आरंभीं पारशी रिवाजाप्रमाणें कण्यांत चांदीचा खिळा ठोकण्यांत आला, आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं जहाज पाण्यांत सोडलें गेलें. त्याचे नकाशे प्रथम ज्या ‘जावा’ नांवाच्या जहाजावरून इंग्लंडहून येत होते, तें जहाज १८१२ सालीं अमेरिकन नौकेशीं झालेल्या लढाईंत नष्ट झालें. म्हणून नकाशांची दुसरी प्रत मागवावी लागली. नकाशावांचून चांगल्या कारागिराचेहि हात बांधलेले असतात, हें यावरून दिसून येईल.

हें जहाज सागवानी आहे. इंग्लंडांत जहाजें ओकच्या लांकडाचीं करीत. परंतु ओकमधील आम्लानें लोखंडी खिळे झिजतात. सागाच्या अंगीं तेलकटपणा असल्यामुळें खिळेहि टिकतात व लांकूडहि लवकर कुजत नाहीं. १९०३ पासून १९८६ पर्यंत या जहाजाचा उपयोग मुलांना दर्यावर्दीपणाचें शिक्षण देण्याकडे होत होता, आणि पुढें झालेल्या दुरुस्तीनंतर तें आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे.

आतां सांगाडा म्हणजे काय तें पाहूं. जहाजाच्या तळाशीं एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जाणारें जें लांब लांकूड, तो कणा. कोंकणांतील कारागीर त्यास पठाण म्हणतात. पुढें पाणी कापणारें टोंक ती नाळ. कण्यावर दोहों बाजूंस वांकलेल्या अशा बरगड्या एकामागून एक उभ्या करितात, आणि त्यांवर बाहेरून फळ्या बसवितात. माणसाच्या शरीरास जशीं हाडें, तशींच जहाजास हीं लांकडें होत.

खऱ्या जहाजाची बरगडी एका लांकडाची नसते. आपल्याकडील बैलगाडीचें चाक आठवा. तुंब्यांतून निघालेल्या आऱ्यांवर चाकाचा घेर बसवितात तो अखंड नसून अनेक पुठ्ठ्यांचा असतो. कारण लांकूड आपल्या रेषांच्या दिशेनें बळकट असतें. रेषा आडव्या तुटल्या कीं तें तडकतें. सबंध घेर एकाच फळींतून कापला, तर कोठें ना कोठें रेषा आडव्या येणारच. बरगडीचेंहि तसेंच आहे. मूळचींच वांकडीं असलेलीं लांकडें निवडून त्यांचे तुकडे जोडितात, आणि दोन थर शेजारीं शेजारीं ठेवून एका थरांतील सांधा दुसऱ्या थराच्या अखंड भागासमोर आणितात. आपल्या लहान नमुन्यांत मात्र बरगडी एकाच प्लायवुडच्या तुकड्याची केली तरी चालते. कारण त्यांतील पातळ थर एकमेकांस आडवे चिकटविलेले असतात.

‘ट्रिंकोमाली’ची लांबी सुमारें १५० फूट व रुंदी सुमारें ४० फूट आहे. शंभरास एक असें प्रमाण धरिलें, तर आपला नमुना १८ इंच लांब व जवळजवळ पावणेपांच इंच रुंद होईल. कागदावर १८ इंचांची रेषा काढून तिचे दीड-दीड इंचाचे १२ भाग करा. मधले ११ बिंदु हीं बरगड्यांचीं स्थानें. प्रत्येक बरगडीचा आकार निराळा असतो. मधल्या बरगड्या रुंद व पोटाशीं गोलसर, तर नाळेकडच्या निमुळत्या होत जातात. आकार काढतांना कागद मधोमध दुमडून केवळ अर्धी बरगडी काढावी, व दोन्ही घड्या एकदम कापाव्या. म्हणजे डावी व उजवी बाजू आपोआप सारखी येते. आकृति जर जहाजाच्या बाहेरील अंगाची असेल, तर वरून बसवावयाच्या फळीची जाडी प्रत्येक बाजूस कमी करण्यास विसरूं नये.

कण्यासाठीं दोन सूत जाडीची सरळ फळी घ्यावी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हें सुतारकाम पाहणाऱ्यांस ठाऊक आहेच. बरगडीस खालून व कण्यास वरून खांच पाडावयाची, आणि एकीवर दुसरी बसवावयाची. बरगडीची उंची तीन इंच असेल, तर दीड इंच खांच बरगडीस व दीड इंच कण्यास. खांचेची रुंदी फळीच्या जाडीइतकीच हवी. बोटानें दाबतांच बसेल तो सांधा उत्तम. हातोडीनें ठोकावा लागेल तो वाईट. कारण घट्ट खांच पाचरीप्रमाणें कण्यास फांकविते, आणि अशा ११ खांचा झाल्या म्हणजे सरळ कणा धनुष्यासारखा वांकतो.

सरस लावण्यापूर्वीं सर्व सांगाडा कोरडाच जुळवून पाहावा. एका सपाट पाटावर मध्यरेषा आंखून कणा तिच्यावर दोन पट्ट्यांच्या मध्यें उभा धरावा. नाळेच्या माथ्यापासून पिछाडीपर्यंत दोरा ताणावा. प्रत्येक बरगडीची मध्यखूण बरोबर त्या दोऱ्याखालीं आली पाहिजे. मग गुण्या लावून बरगडी उभी आहे कीं नाहीं तें पाहावें. ती तिरपी फिरली आहे काय, हें ओळखण्यास भूमिति उपयोगीं पडते. नाळेच्या माथ्यापासून बरगडीच्या डाव्या टोंकापर्यंत व उजव्या टोंकापर्यंत अंतरें मोजा. तीं समान असलीं, तर तो समद्विभुज त्रिकोण झाला व बरगडी काटकोनांत आहे असें समजावें. मधल्या, म्हणजे सहाव्या बरगडीस हीं अंतरें सुमारें ९.३ इंच भरावीं. एक बाजू जास्त भरली, तर त्या बाजूनें बरगडी मागें गेली आहे.

एवढ्या बारकाईची गरज काय, असें कोणी विचारील. शंभरास एक या प्रमाणांत एका सुताची चूक म्हणजे खऱ्या जहाजांत साडेबारा इंचांची चूक होय! शिवाय ही चूक वरच्या फळ्यांनीं झांकली जात नाहीं; फळ्या तिच्यावरूनच वांकतात आणि सबंध जहाज एका अंगास पिळलेलें दिसतें. असें जहाज पाण्यांत सोडलें तर सरळ चालत नाहीं. रंग कितीहि सुंदर दिला तरी तो दोष जात नाहीं.

सर्व अंतरें जुळल्यावर सरस लावावा, आणि तो वाळेपर्यंत एक रात्र सांगाड्यास हात लावूं नये. दुसऱ्या दिवशीं बांबूची एक पातळ, सारख्या जाडीची कामटी घेऊन ती नाळेपासून पिछाडीपर्यंत बरगड्यांवरून वांकवून धरावी. ती प्रत्येक बरगडीस टेकली पाहिजे. एखादी बरगडी उंच असेल, तर कामटी तिच्यावर उचलली जाते. तेथें कानशीनें घासावें. एखादी खोल असेल, तर कामटीखालीं फट दिसते. तेथें पातळ चिपाट चिकटवावें. नाळेजवळ बरगड्यांच्या कडा तिरप्या घासाव्या लागतात, नाहीं तर कामटी केवळ एका धारेवर टेकते. शेवटीं अशाच कामट्या दोहों अंगांस कायमच्या बसवाव्या. परंतु एक डावीकडे लावली कीं लगेच तिची जोडीदार उजवीकडे लावावी. एकाच बाजूच्या सर्व कामट्या आधीं लावल्या, तर त्यांच्या ताणानें कणा त्या बाजूस ओढला जातो.

पालकांस एकच विनंती आहे. पटाशी व करवत हीं धारेचीं हत्यारें असल्यामुळें लहान मुलांजवळ कोणी वडील माणूस असावें. परंतु मापणें, कापणें व चुकल्यास पुन्हां करणें हें काम मुलाचें त्यालाच करूं द्यावें. कोरड्या जुळवणींत सांपडलेली वांकडी बरगडी टाकून नवी कापण्यास फार तर एक तास जातो. सरस वाळल्यावर तीच चूक दुरुस्त करण्यास सर्व काम मोडावें लागतें.

सांगाडा पुरा झाल्यावर त्यावर फळ्या चढविल्याच पाहिजेत असें नाहीं. इंग्लंडांत १७ व्या शतकांत आरमाराच्या कचेरीसाठीं जे नमुने तयार होत, त्यांपैकीं कित्येकांच्या खालच्या अंगास फळ्या न लावतां बरगड्या उघड्याच ठेवीत. म्हणजे पाहणारास जहाजाची खरी रचना समजे. आपला नमुनाहि तसाच शाळेच्या कपाटांत ठेवावा. जो सांगाडा उघडा ठेवण्यास कारागिरास संकोच वाटत नाहीं, त्यावर बांधिलेल्या जहाजाविषयीं काळजी करण्याचें कारण नाहीं.